जयपूर फूट: पाच वर्षं वापरून झाल्यावर

माल: उजवा कृत्रिम पाय, गुडघ्याखालचा. किंमत: काही नाही. वजन: १ किलो ७०० ग्रॅम, माझ्याच गिरणीच्या काट्यावर तोलून घेतलंय. वापर: फेब्रुवारी २०२० पासून रोज, सकाळी सहा ते रात्री दहा. मध्ये एकदा बदलून घेतला.

लोक मिक्सरबद्दल लिहितात, बुटांबद्दल लिहितात. पायाबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं, आणि ज्या दिवसांत मला ते वाचायची गरज होती त्या दिवसांत मी रात्र रात्र मोबाइल चाळायचो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. फक्त पायाबद्दल लिहून भागणार नाही, तो मी दोन वर्षं उशिरा का घेतला हेही सांगावं लागेल.

मी मोहोळ तालुक्यातला. पिठाची गिरणी आहे आणि अडीच एकर रान, त्यात एकरभर ऊस. जानेवारी २०१७ मध्ये ऊसतोड चालू असताना ट्रॉलीची पिन बसवायला मी मध्ये वाकलो आणि ट्रॅक्टर हातभर मागं आला. ड्रायव्हरची चूक नव्हती, उतार होता. सोलापूरला नेलं. गुडघ्याखाली पाच इंच उरलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचला, नशीबवान आहात. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता दवाखान्यात किंवा शिबिरात मांडीतून पाय गेलेला माणूस दिसला की ते वाक्य आठवतं.

आईचं म्हणणं वेगळंच. माझ्या आज्यानं एकदा रागाच्या भरात सर्ज्या नावाच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. बैल दोन वर्षं लंगडत जगला आणि मेला. ते आता नातवाच्या पायावर फिरलं, असं ती दवाखान्यात सगळ्यांना सांगायची. मी बारावी सायन्स. उतार, ट्रॅक्टर, पिन, सगळं मला कळत होतं. तरी रात्री खाटेवर पडलं की मी कधी न पाहिलेला तो बैल डोळ्यांपुढं यायचा. आईनं त्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी गल्लीतल्या कुणाच्याही बैलाला घालायला सुरुवात केली. आता गल्लीत बैल दोनच राहिलेत, ते तिला लांबून ओळखतात.

माझी समजूत वडिलांकडून आलेली. वडील उसनी वाटीभर साखर आणली तरी परत देताना शीग लावून द्यायचे. "फुकटाचं अंगी लागत नाही," हे त्यांचं वाक्य. गिरणी त्यांनीच टाकली, पण शेजाऱ्याचा चहाही हिशेबात धरायचे. २०१८ साली तालुक्यात मोफत पायांचं शिबिर होतं, सरपंचांनी माझं नाव घातलं. मी जाऊन खोडून आलो. "मी भिकारी हाय का?" हे माझे शब्द. चार माणसांत म्हणालो, त्यामुळं परत घेता येईनात.

मग पुण्याला जाऊन विकत पाय घेतला. ६२ हजार. पंढरपुरी म्हैस ५० हजारांना दिली, उरलेले पतसंस्थेतून उचलले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माल वाईट नव्हता. दिसायला सुबक, आत चकचकीत नळी, वजनाला हलका. जो माणूस बूट घालून घरातून निघतो, खुर्चीवर बसून काम करतो आणि बूट घालूनच घरी येतो, त्याला तो बरोबर आहे. त्या पायाला सॅच म्हणतात. अमेरिकेत १९५०च्या दशकात निघालेला प्रकार. घोटा घट्ट, हलत नाही. टाचेला गादी, तिच्यावर पाऊल दबतं आणि पुढं जातं. पण तो बुटाच्या टाचेच्या उंचीला बसवलेला असतो. बूट काढला की माणूस मागं कलतो. घरात चपला घालून फिरायची आमच्याकडं रीत नाही. मी देवघरापुढं बूट घालून उभा राहायचो आणि आई तोंड फिरवायची.

मांडी घालता येईना. मी खुर्चीवर आणि घरची सगळी खाली पंगतीला, असं दोन वर्षं जेवलो. परसातल्या संडासात काय हाल झाले ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. उसाला पाणी दिलेल्या रानात बूट रुतायचा आणि पाय मागं राहायचा. गिरणीत खाली सांडलेलं पीठ भरायला उकिडवं बसावं लागतं, ते बायकोनं करायचं. पंढरपूर आमच्यापासून तासाभरावर. चप्पल-स्टँडवरच्या पोराला मी म्हणालो, बूट निघत नाही, पाय खोटा आहे. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "मग पायच ठेवता का काका? टोकन देतो." मला हसू आलं, पण दर्शन न घेताच परत आलो. कळसाला हात जोडले.

हे सगळं बायको बघत होती. जानेवारी २०२० मध्ये ती एकदा म्हणाली, "अहो, आधार कार्ड द्या, रेशनला लागतंय." मी दिलं. पंधरा दिवसांनी सकाळी म्हणाली, आवरा, मंगल कार्यालयात जायचंय. मला वाटलं कुणाचं तरी लग्न. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

आत दीडशे माणसं, बहुतेकांना एक पाय. परत फिरायला वळलो तर बायको दारात उभी. काही बोलली नाही. मी जाऊन रांगेत बसलो.

आता पाय कसा करतात ते सांगतो, कारण ते बघायलाच मला मजा आली. उरलेल्या पायावर ओला मोजा चढवतात, वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती वाळली की काढून घेतात, तो झाला साचा. त्यात प्लास्टर ओतून तुमच्याच पायाचा पांढरा ठोकळा निघतो. तो घासून, जिथं हाड टोचतं तिथं जागा ठेवून, नीट करतात. मग पाइप. हो, पाइप. एचडीपीई, म्हणजे आपण रानात पाइपलाइनला पुरतो तीच जात, फक्त रंग कातडीचा. तो भट्टीत मऊ करून ठोकळ्यावर ओढतात आणि दाबून बसवतात. थंड झाला की तुमच्या पायाचा आकार. खाली पाऊल ठोकतात, वर गुडघ्याला पट्टा. मग चालायला लावतात. कारागीर जमिनीवर बसून फक्त तुमच्या पावलाकडं बघत असतो. पाऊल जरा बाहेर पडलं की हातोडी, कानस, परत चाला. माझं चार वेळा झालं. सकाळी नऊला गेलो होतो, संध्याकाळी साडेपाचला दोन पायांवर उभा होतो. पुण्याच्या पायाला तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या होत्या.

खरी गंमत पावलात आहे. पहिलं पाऊल पुढं २०२२ मध्ये बोटांपाशी चिरलं, तेव्हा मी ते गिरणीत करवतीनं मधोमध कापून बघितलं. घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा, टाचेला आणि पुढच्या भागात स्पंजासारखं रबर, त्याभोवती टायरचं कडक रबर आणि सगळ्यावर कातडीच्या रंगाचं आवरण. हे सगळं एकत्र साच्यात भाजून काढलेलं, टायर रिमोल्ड करतात तसं. त्यामुळं घोट्याला बिजागरी नसताना पाऊल सगळीकडं वाकतं. उकिडवं बसा, मांडी घाला, ढेकळावर तिरकं ठेवा, ते ऐकतं. वर पाच बोटं, नखंसुद्धा.

हे १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडलं. डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते आणि रामचंद्र शर्मा कारागीर, फारसं शिक्षण नाही, हातात मात्र कला. परदेशी पद्धतीचे पाय दिले तरी खेडेगावातली माणसं ते कोपऱ्यात टाकून कुबड्यांवर परत येतात, हे तिथं दिसत होतं. माझ्यासारखंच कारण: अनवाणी चालता येत नाही, जमिनीवर बसता येत नाही, चिखलात जाता येत नाही. मग आपल्या बसण्या-उठण्याला चालेल असं पाऊल त्यांनी घडवलं. पुढं १९८१ साली सेठींना मॅगसेसे मिळालं. शर्मांचं नाव मात्र फार कुणाला ठाऊक नसतं. मी स्वतः हातानं काम करणारा, मला हे जरा लागतं. आणखी एक: या पावलाचं पेटंट घेतलेलं नाही. कुणीही करावं. अपघातात पाय गमावूनही परत भरतनाट्यम करणाऱ्या सुधा चंद्रन नाचल्या त्या याच प्रकारच्या पायावर.

शिबिरातली एक गोष्ट राहिली. पाय बसल्यावर मी चालून दाखवत होतो, तिथं भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. नऊवारी नाही, गुजराती पद्धतीची साधी साडी, हातात माळ. सकाळपासून त्या तिथंच होत्या, कुणाशी बोलत नव्हत्या, नुसत्या पायांकडं बघत होत्या. मी जवळून गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाळ, चावतो का कुठं?" नवीन चपलेबद्दल विचारावं तसं. मी म्हणालो, नाही आजी. पुढं चहाच्या टेबलावर कळलं की त्या दिवशीचे सगळे पाय त्यांचे होते. नवऱ्याचं वर्षश्राद्ध. जेवणावळीऐवजी हे.

माझ्या खिशात दोन हजार होते. मी परत त्यांच्याकडं गेलो आणि नोटा पुढं केल्या. म्हणालो, मला फुकट नको, निम्मे तरी घ्या. त्यांनी हात मागं घेतला, विस्तवाजवळून घ्यावा तसा. म्हणाल्या, "आमचं देऊन झालंय बाळ. आता परत घेतलं तर त्यांचं वर्ष मोडेल."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझं व्रत न घेण्याचं, त्यांचं परत न घेण्याचं, आणि त्यांचं जास्त कडक निघालं. नोटा घेऊन मी घरी आलो.

आता हे पायाच्या परीक्षणात कशाला, असं वाटेल. पण त्याचा माझ्या गिरणीवर परिणाम झाला. आमच्याकडं एक मावशी दळायला येते, एकटी असते. तिच्याकडून मी कधी पैसे घेतले नाहीत. "मावशी, राहू द्या, राहू द्या!" असं मोठ्यानं म्हणायचो आणि गिरणीतली चार माणसं ऐकायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शिबिरानंतर लक्षात आलं की मावशी नेहमी सगळे गेल्यावर येते. गिरणी बंद करायच्या वेळेला, डबा पदराखाली धरून. इतक्या वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. पुढच्या वेळी मी म्हणालो, "मावशी, पाच रुपये द्या." ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पदराची गाठ सोडून नाणं काढून दिलं. तेव्हापासून भर गर्दीत येते, नंबरावरून भांडते, आणि गेल्या महिन्यात ज्वारीचं पीठ जाडं आलं म्हणून मला सगळ्यांसमोर परत दळायला लावलं.

असो. वापरातले अनुभव.

पहिले पंधरा दिवस दुखतं. नडगीच्या पुढच्या हाडावर आणि गुडघ्याच्या वाटीखाली लाल होतं. एकदम दिवसभर घालू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं वाढवा. मी हौसेनं पहिल्याच दिवशी रानात गेलो आणि फोड आला, आठवडाभर बसून राहिलो. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पाइपचा भाग, चुकतंय, घासून घ्यावं लागेल. शुगर असणाऱ्यांनी तर रोज आरसा धरून बघावं, कारण त्यांना बऱ्याचदा दुखणं कळत नाही आणि जखम होऊन बसते.

घाम. सोलापूरकडचा एप्रिल-मे आणि आत प्लास्टिक, दुसरं काय होणार. मी दिवसात तीन वेळा मोजा बदलतो. मोजे सुतीच घ्या, नायलॉनचे नकोत. दुपारी गिरणी बंद असते तेव्हा पाय काढून भिंतीला टेकवतो आणि पंख्याखाली बसतो. लहान पोरं तो बघायला येतात, बोटं मोजतात.

वजन जाणवतं. पुण्याचा पाय याच काट्यावर १ किलो ३०० भरला होता. चारशे ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटेल, पण संध्याकाळी मांडी भरून येते. सहा महिन्यांनी सवय झाली.

उरलेला पाय बारीक होत जातो, मग सॉकेट सैल होतं. वर एक मोजा, मग दोन, मग तीन. चौथा लागायला लागला की समजा, नवीन सॉकेट हवं. पाऊलही रोज रानात वापरलं तर तीन वर्षांच्या आसपास थकतं. बसून काम करणाऱ्या माणसाला जास्त पुरेल. आजन्म टिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि जमेची बाजू? मी मांडी घालून जेवतो. एवढंच लिहिलं तरी चालेल. चिखलात पाय रुतला तरी माझ्याबरोबर परत येतो. घरी आल्यावर दारात दोन्ही पाय धुतो, बायको म्हणते रबराला कशाला, पण एकच पाय धुणं मला जमत नाही. लॉकडाऊनमध्ये गावाला पीठ लागत होतं, मी दिवसभर उभा होतो. २०२१ मध्ये मंदिरं उघडल्यावर पंढरपूरला गेलो. चप्पल-स्टँडवर दोन्ही चपला दिल्या. पोरगा दुसराच होता, त्याला काही कळलं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सॉकेट सैल झालं होतं आणि पाऊल चिरलं होतं. शिबिराची वाट न बघता मेव्हण्याला घेऊन थेट जयपूरला गेलो. मालवीय नगरमध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र आहे. गाडी उशिरा पोचली, रात्रीचे अकरा वाजले होते. मला वाटलं सकाळपर्यंत फाटकाबाहेर काढावी लागणार. पहारेकऱ्यानं पायाकडं बघितलं आणि आत घेतलं. झोपायला जागा, सकाळी चहा, जेवण, मेव्हण्यालासुद्धा. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. पाय नाही हाच दाखला. सरकारी कचेरीत पाय नसल्याचा दाखला काढायला मी पाच हेलपाटे घातले होते, तेही कुबड्यांवर, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. कारागिरांतला एकजण माझं माप घेताना स्वतःच खोट्या पायावर उकिडवा बसला होता. मला ते कळायला वेळ लागला.

ही संस्था देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ साली काढली. आयएएस अधिकारी, पुढं सेबीचे अध्यक्षही होते. १९६९ मध्ये अपघातात त्यांच्या पायाचा चुरा झाला होता, कापावा लागेल अशी वेळ आली आणि पाय वाचला. संस्था निघाली त्या दिवसांत महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाल्याचं वर्ष साजरं होत होतं, म्हणून नावात महावीर. स्वतःचा पाय वाचला म्हणून दुसऱ्यांना पाय, हा हिशेब माझ्या वडिलांनासुद्धा पटला असता. शीग लावून परतफेड.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन पाय मिळाला. पाय अंगावर चढल्यानंतर मी कार्यालयात गेलो आणि विचारलं, देणगी घेता का. घेतो म्हणाले. मी पाच हजार दिले. पावती कुणाच्या नावानं, असं विचारलं. मी जरा थांबलो आणि आज्याचं नाव सांगितलं.

पाचापैकी साडेचार. अर्धा घामासाठी कापला.

घरी आल्यावर पावती आईच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही, मला नाव दोनदा वाचायला लावलं. कपाळाला लावली, देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली सरकवली. मग वळून म्हणाली, "बैलाचं नाव नाही घातलं?"